माळ्यावरचा टू-इन-वन पुन्हा वाजता करताना

जुना कॅसेट-रेडिओचा सेट हातात आला की प्लग लावून बघायचा मोह होतो. तो मोह आवरा. नाशकात आम्ही काही जण हे सेट जमवतो, दुरुस्त करतो, एकमेकांना पार्ट देतो-घेतो. नवी मंडळी आपले सेट घेऊन येतात तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. इतकी वर्षं माळ्यावर पडून जेवढं नुकसान झालेलं नसतं, तेवढं खाली उतरवल्यावर पहिल्या अर्ध्या तासात झालेलं असतं. कुणी ११० व्होल्टवर ठेवलेला सेट थेट २३० वर लावतो. कुणी दिसेल तो स्क्रू पिळतो. कुणी पेट्रोलचा बोळा घेऊन डेकमध्ये, म्हणजे टेपच्या यंत्रात शिरतो.

इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या माणसालाही यातलं निम्म्याहून जास्त काम जमतं, कारण बहुतेक बिघाड रबराचे, मळाचे आणि गंजलेल्या कॉन्टॅक्टचे असतात. उरलेल्या कामाला माहीतगार माणसं लागतात. कुठपर्यंत आपण जायचं आणि कुठे हात मागे घेऊन विचारायचं, एवढं कळलं की सेट वाचतो.

सेट निवडताना

घरचाच सेट असेल तर प्रश्न मिटला. विकत घ्यायचा तर गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार आहे, भद्रकालीत जुनं सामान मिळतं, आणि जुन्या नाशकात एखादा वाडा उतरवायला काढला की तिथूनही काहीबाही निघतं. भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे फोडण्याआधी तो फोन करील. सेट दोन्ही हातांनी उचलून बघा. तांब्याच्या तारेसाठी ट्रान्सफॉर्मर आधीच काढून घेतलेला असेल तर एक बाजू संशय येण्याइतकी हलकी लागते.

पहिल्यांदा एका कॅसेटचा, दणदणीत खटक्याच्या बटणांचा साधा सेट घ्या. फिलिप्स, बीपीएल-सान्यो, किंवा आखातातून येताना कुणी आणलेला नॅशनल पॅनासॉनिक, शार्प, हिताची, काहीही चालेल. डबल कॅसेटमध्ये बेल्ट दुप्पट, गुंता तिप्पट. ऑटो रिव्हर्सच्या, म्हणजे कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणाऱ्या सेटच्या तर वाटेलाच जाऊ नका. शार्प जीएफ-७७७ किंवा जेव्हीसी आरसी-एम९० अशी नावं ऐकून डोळे चमकतात, पण ते सेट जगभरचे लोक शोधत असतात. त्यांच्यावर हात बसवून घेणं परवडत नाही.

विकत घेताना वाजतो की नाही यापेक्षा पूर्ण आहे की नाही हे बघा. बंद सेट चालू होतो, पण सेलच्या कप्प्याचं हरवलेलं झाकण पुन्हा मिळत नाही. कॅसेटचं दार, सगळे नॉब, हँडलचे दोन्ही कान, एरियलचा बुडखा या गोष्टी जागेवर असतील तर आवाज नसला तरी घ्या.

एक सावधगिरी. मागच्या स्टिकरवर फक्त १०० व्होल्ट आणि एफएमच्या पट्टीवर ७६ ते ९० असे आकडे असतील तर तो सेट जपानच्या घरगुती बाजारातला आहे. आपल्या लाइटवर तो थेट चालत नाही, आणि आकाशवाणी नाशिक १०१.४ मेगाहर्ट्झवर असल्यामुळे ती त्यावर लागणारच नाही. दिसायला देखणा असतो, म्हणून लोक फसतात.

विचारायचं कसं

आमच्यातले सगळ्यात जाणते एक निवृत्त टेप मेकॅनिक आहेत. त्यांना फोन आला की संवाद ठरलेला असतो. “काका, सेटला आवाज नाही.” “कशाला नाही? रेडिओला, टेपला, का दोन्हीला?” पुढे शांतता. म्हणून विचारण्याआधी एवढं बघून ठेवा.

रेडिओ वाजतो आणि टेप वाजत नाही, तर पॉवर सप्लाय, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठीक आहेत. दुखणं डेकमध्ये, हेडच्या (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या) तारांत किंवा रेकॉर्ड-प्लेच्या स्विचमध्ये आहे. टेप वाजते आणि रेडिओ मुका, तर रेडिओचा भाग किंवा एफएम-मीडियम वेव्ह निवडणारा बँड स्विच. दोन्ही मुके पण स्पीकरमधून हलकी गुणगुण येते, तर रेडिओ का टेप हे निवडणारा फंक्शन स्विच किंवा अॅम्प्लिफायर. काहीच हालचाल नाही, दिवाही नाही, तर आधी पॉवर. सेलवर आवाज स्वच्छ आणि लाइटवर घरघर, तर सप्लायचा मोठा कंडेन्सर किंवा डायोड. हे कोष्टक सगळ्या सेटना तंतोतंत लागू पडत नाही, पण फोनवरून मदत करणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो.

सोबत फोटो पाठवा: मागचा मॉडेल नंबरचा स्टिकर, सेलचा कप्पा, आणि उघडला असेल तर आतला भाग वरून व दोन्ही बाजूंनी. ‘जुना सान्यो आहे, मोठा, चंदेरी’ एवढ्यावर कुणी काय सांगणार? मॉडेल नंबर कळला तर कुणाकडे तरी त्या सेटचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा तोच सेट असतो. त्यांच्या उघड्या सेटचा एक फोटो मिळाला तर कुठली तार कुठे जाते याचं कोडं तिथेच सुटतं.

मदत घेण्याचे काही अलिखित नियम आहेत. पार्टसाठी कुणी सेट दिला तर त्यातून काय काढलं त्याची यादी ठेवा आणि उरलेला सेट जपा, पुढच्याला नॉब लागणार असतो. उसनी आणलेली टेस्ट कॅसेट, म्हणजे वेग तपासायला ठरलेला सूर भरलेली कॅसेट, आपल्या न तपासलेल्या डेकमध्ये घालू नका. तिच्यासाठी वेगळी वेळ आहे, ती पुढे येईल. आणि ज्यांचं पोट या कामावर चाललं किंवा अजून चालतं त्या काकांना ‘बघून द्या जरा’ म्हणून दोन तास बसवून चहावर बोळवण करू नका. पैसे विचारा. ते नाही म्हणाले तरी विचारा.

प्लग लावण्याआधी

आधी सेलचा कप्पा उघडा. आत जुने सेल फुटलेले असतील तर स्प्रिंगवर पांढरट-हिरवी खपली दिसेल. इंटरनेटवर सगळीकडे सांगतात की व्हिनेगर लावा. तो सल्ला अल्कलाइन सेलसाठी आहे. आपल्याकडच्या जुन्या सेटमधले टॉर्चचे जाडे सेल बहुधा झिंक-कार्बनचे, आणि त्यांची गळती आम्लधर्मी असते. तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने लावा, मग ओल्या कापडाने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडं करा. खाली सर्किट असेल तर पाणी तिकडे जाऊ देऊ नका. पत्रा पार खाल्ला गेला असेल तर पट्ट्या काढून नव्या लावाव्या लागतात, पण खरवडून चकचकीत करायच्या नादात उरलेला मुलामा घालवू नका.

मग मागचा व्होल्टेजचा खटका बघा. आखातातून आलेल्या बऱ्याच सेटना ११०-१२० आणि २२०-२४० अशी निवड असते. तो वरच्या आकड्यावरच हवा.

पहिली वीज सेलच्या बाजूने द्या. कप्प्यात किती सेल बसतात ते मोजा आणि दीडने गुणा: सहा असतील तर ९ व्होल्ट, आठ असतील तर १२. करंटची मर्यादा घालता येणारा डीसी सप्लाय कुणाकडून मिळाला तर मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवून कप्प्याच्या टोकांना जोडा. आत कुठे शॉर्ट असेल तर सप्लाय स्वतःच आवरतो, काही जळत नाही. बाहेरच्या डीसी सॉकेटमधून देणार असाल तर मधली पिन प्लस का मायनस हे छापलेलं वाचा. कित्येक जपानी सेटमध्ये मधली पिन मायनस असते आणि बाजारातला अॅडॅप्टर नेमका उलटा असतो.

सेलवर सगळं ठीक दिसलं तरच लाइटवर, आणि तेही सिरीज बल्ब लावून. वायरमनकडे असतो तसा सिरीज बोर्ड घ्या, त्यात ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब घाला. एलईडी बल्ब इथे काही कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्कन पेटला आणि पेटलेलाच राहिला तर प्लग काढा आणि माहीतगाराला विचारा.

यातली धोक्याची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पुष्कळ सेटमध्ये पॉवरचं बटण ट्रान्सफॉर्मरच्या नंतर असतं. सेट बंद केला तरी प्लग लावलेला असेपर्यंत ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे २३० व्होल्ट असतातच. झाकण उघडताना प्लग भिंतीतून काढून तो डोळ्यांसमोर ठेवा.

उघडताना

मागचे स्क्रू खोल भोकांत असतात, म्हणून लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर लागतो. सेलच्या कप्प्यात एखादा लपलेला असतोच. झाकण अडलं तर जोर करू नका, एक स्क्रू राहिलेला आहे असं समजा. वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये काढल्या क्रमाने ठेवा. तार सोडवण्याआधी फोटो काढा, आणि नंतर पुन्हा एक काढा.

आत गेल्यावर तुम्हाला धातूच्या चौकोनी डब्या दिसतील, डोक्यावर लाल, पिवळ्या, काळ्या रंगाचे खाचेचे ठिपके. त्या रेडिओच्या ट्यूनिंगच्या (आयएफ आणि ऑसिलेटरच्या) कॉइल. कंपनीत यंत्र लावून बसवलेल्या असतात, आणि वर्षानुवर्षं पडून राहिल्या तरी फारशा हलत नाहीत. त्यांना हात लावू नका. रेडिओ कमी पकडतो म्हणून ‘जरा पिळून बघितलं’ असे सेट आमच्याकडे येतात तेव्हा चार-चार जणांच्या दुपारी त्यात जातात.

डेक: खरं काम इथे आहे

टेपचा बटणांचा भाग, मोटर, हेड, पुल्या यांना मिळून मेकॅनिक डेक म्हणतात. सत्तरीच्या शेवटाला आणि ऐंशीच्या दशकात बनलेल्या सेटचे बेल्ट आज तीनपैकी एका अवस्थेत सापडतात: सैल झालेले, कडक होऊन तुटलेले, किंवा विरघळून डांबरासारखे झालेले. तिसरा प्रकार सगळ्यात घाण. काळा चिकट लगदा पुलीच्या खाचेत, फ्लायव्हीलच्या जड चाकावर, कधी खालच्या सर्किटवर पसरलेला असतो. हातमोजे घाला, जुने कपडे घाला. कानकोरण्यासारखे कापसाचे बोळे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन खाच पार स्वच्छ होईपर्यंत पुसत राहा. थोडा जरी लगदा राहिला तर नवा बेल्ट तिथे उडी मारतो आणि गाणं लयीत डुलायला लागतं.

अल्कोहोल शक्यतो ९९ टक्क्यांचं घ्या. कोविडपासून घरोघरी उरलेलं सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं. पेट्रोल आणि थिनर तर नकोच, दोन्ही प्लॅस्टिक आणि रबर खातात. जुन्या मेकॅनिकांच्या दुकानात पेट्रोलची बाटली असायची हे खरं, पण तेव्हा पार्ट नवे मिळत होते.

बेल्टचं माप घेताना जुना सैल बेल्ट जसाच्या तसा मोजू नका. पुल्यांवरून साधा दोरा बेल्टच्या वाटेने फिरवा, लांबी मोजा, त्यातून ५ ते ७ टक्के वजा करा. तो नव्या बेल्टचा आतला परीघ. मोटरपासून फ्लायव्हीलपर्यंतचा मुख्य बेल्ट कधी चपटा, कधी चौकोनी. आकड्यांच्या काउंटरचा मात्र नाजूक चौकोनी. जाडी आणि रुंदीही सांगावी लागते. नाशकातच एमजी रोडच्या परिसरात विचारून बघा, नाही मिळाला तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली हे इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार आहेत. मुंबईला ‘पंचवटी’ एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, पण त्याआधी आपल्यातल्या चार जणांना विचारा, कुणी तरी सरमिसळ बेल्टचं पाकीट घेऊन ठेवलेलं असतं आणि गावातल्या गावात काम होतं. रबर बँड लावून ‘चालतंय की’ म्हणू नका. रबर बँड सगळीकडे सारखा ताणला जात नाही, म्हणून आवाज वरखाली होतो.

बेल्टनंतर पिंच रोलर, म्हणजे हेडशेजारचं ते काळं रबरी चाक. तेच टेपला कॅप्स्टनच्या बारीक दांडीवर दाबून पुढे ओढतं. ते चकाकत असेल, दाबल्यावर नख उमटत नसेल, तर कडक झालेलं आहे. वरचा तपकिरी थर पुसून बघा. तेवढ्यानेही पुष्कळदा काम होतं. अगदी बारीक पॉलिश पेपरने हलका हात फिरवणं हा तात्पुरता इलाज, खरा इलाज नवा रोलर. व्यास, उंची आणि मधल्या भोकाचं माप कॅलिपरने घ्या.

‘टेप खातो’ ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि लोक दोष कॅसेटला देतात. होतं असं की रोलर टेप पुढे ढकलतो, पण ती गुंडाळून घेणारं चाक फिरत नाही किंवा अर्धवट फिरतं. मग टेप आतच साचते आणि रोलरला वेढे घालते. त्या चाकाला फिरवणारी छोटी रबरी टायर असते, तिला आयडलर म्हणतात. ती गुळगुळीत झालेली असते किंवा तिचा बेल्ट सैल असतो. कॅसेट न घालता प्ले दाबा आणि त्या गुंडाळणाऱ्या चाकाला बोटाने हलकं अडवून बघा. बोट काढताच ते जोमाने फिरलं पाहिजे.

तेल घालायचंच असेल तर शिलाई मशीनचं, सुईच्या टोकाने एक थेंब, कॅप्स्टनच्या बेअरिंगमध्ये. खोबरेल घालू नका. नाशिकच्या डिसेंबरात ते गोठतं आणि सकाळी सेट हळू चालतो. अशी ‘थंडी वाजणारी’ टेप घेऊन लोक खरोखर येतात. तेलाचा अंश रबरावर किंवा कॅप्स्टनच्या उघड्या दांडीवर आला तर पुन्हा सगळं पुसावं लागेल.

पुलीच तडकलेली असेल तर घाबरू नका. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात लेथवर काम करणारे आहेत, आणि आपल्यातल्या कुणाची तरी तिथे ओळख असते. पितळेची पुली करून मिळते. फक्त तुटलेले सगळे तुकडे न्या आणि खाचेचा तळातला व्यास सांगा. मोटरच्या पुलीचा तो व्यास जरा चुकला तरी गाण्याचा वेग बदलतो.

वेग आणि हेड

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली, आणि तिचा वेग सगळ्यांसाठी एकच ठरला: सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. याचा फायदा घ्या. एखाद्या टाकाऊ कॅसेटच्या टेपवर, मागच्या बाजूने, पांढऱ्या मार्करने दोन खुणा करा, बरोबर ४.७६ मीटर अंतरावर. डेकचं दार काढून ती चालवा आणि पहिली खूण हेडसमोरून गेल्यापासून दुसरी जाईपर्यंत फोनवर वेळ लावा. १०० सेकंद आले पाहिजेत. ९७ आले तर सेट सुमारे तीन टक्के पळतोय.

याहून अचूक हवं तर टेस्ट कॅसेट, आणि आता डेक तपासून झाल्यामुळे ती उसनी मागायला हरकत नाही. फोनवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं अॅप घेऊन सूर मोजा. कॅसेटवर ३००० हर्ट्झचा सूर आहे का ३१५० चा, हे देणाऱ्याला विचारून घ्या. दोन्ही प्रकार चालतात, आणि समजून न घेता लावलात तर पाच टक्के चुकीचा वेग ‘बरोबर’ करून बसाल. वेगाचा स्क्रू अनेकदा मोटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात असतो. प्लॅस्टिकचा छोटा स्क्रूड्रायव्हर वापरा आणि केसभर फिरवून थांबा.

हेड अल्कोहोलने पुसायचं, दर काही कॅसेटनंतर पुन्हा. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो, त्यावर रंगाचा ठिपका. तो हेडचा कोन ठरवतो. फिरवला की आवाज खुलतो किंवा मिटतो, त्यामुळे इथे प्रत्येकाला हात घालावासा वाटतो. थांबा. घरात आजीच्या ओव्या, कुणाचं बारसं, गावच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग अशा टेप असतील आणि त्या याच सेटवर रेकॉर्ड केलेल्या असतील, तर या सेटचा वाकडा का होईना, तोच कोन त्यांना जुळतो. दुसऱ्या उत्तम डेकवरही त्या दबक्या वाजतील. म्हणून आधी त्या कॅसेट हेडफोनच्या सॉकेटमधून कॉम्प्युटरवर घेऊन ठेवा. मग खुशाल दुकानातल्या कॅसेटसाठी कोन सुधारा, आधीची जागा मार्करने खूण करून.

त्या कॅसेटना बुरशी लागलेली असेल, म्हणजे खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसत असेल, तर त्या चांगल्या डेकमध्ये घालू नका. हेड माखतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला जाते. आणि कुठलीही जपायची कॅसेट घालण्याआधी तिच्या पाठीवरची रेकॉर्डिंगची छोटी पट्टी मोडलेली आहे ना ते बघा. जुना रेकॉर्ड-प्ले स्विच अडकलेला असला तर वाजवता वाजवता पुसलं जाऊ शकतं.

आवाज

तो रेकॉर्ड-प्ले स्विच म्हणजे सर्किटवरची लांब सरकपट्टी. एका बाजूचा आवाज गायब, मध्येच शिट्टी, टेप मुकी, अशा पुष्कळ भानगडी त्याच्या काळवंडलेल्या कॉन्टॅक्टमुळे होतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आत मारा आणि सेट बंद ठेवून वीस-पंचवीस वेळा मागेपुढे सरकवा. बँड स्विच आणि खरखरणारा व्हॉल्यूम यांनाही तेच. गंज सोडवणारे तेलकट स्प्रे इथे वापरू नका, ते आत राहतात आणि धूळ धरतात.

एवढं करून आवाज आला नाही तर स्पीकर तपासा. तार सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. कागदी कोन फाटला असेल तर टिश्यू पेपर आणि पातळ केलेला फेविकॉल पुरतो. कडेचा फोम भुगा झाला असेल तर मंडपवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. स्पीकरची एक तार पत्र्याला म्हणजे ग्राउंडला जोडून बघायचा प्रयोग करू नका. काही सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असतात आणि आयसी जातो.

कंडेन्सरबद्दल आमच्यात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो सरसकट सगळे बदला. मी दुसऱ्या पक्षातला. नवशिक्याने सत्तर टाके काढले की त्यात बोर्डावरचे चार-पाच तांब्याचे ट्रॅक उखडतातच, आणि मग जुना दोष कुठला आणि नवा कुठला हे कुणालाच कळत नाही. फुगलेला, गळलेला, किंवा ज्याच्यामुळे घरघर होते तोच बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, पट्टीची बाजू म्हणजे मायनस. सोल्डरिंग कधी केलेलं नसेल तर आधी भंगारातल्या बोर्डावर हात बसवा, किंवा सरळ कुणाकडे तरी जाऊन शेजारी बसा. हे काम बघून शिकायचं आहे.

रेडिओ

काटा हलत नसेल तर डायलचा दोरा तुटलेला किंवा घसरलेला आहे. तो पुल्यांवरून कसा जातो याचं चित्र उरलेल्या दोऱ्यावरून आधी काढून घ्या. नवा दोरा विणलेला, न ताणणारा हवा. संक्रांतीचा उरलेला मांजा घरात असतो म्हणून लोक तोच ओवतात. त्याची काच प्लॅस्टिकच्या पुलीला खाऊन टाकते, आणि साधा नायलॉन ताणला जातो.

एफएम तपासायला १०१.४ आहेच. काटा थोडा इकडेतिकडे दाखवत असेल तर सोडून द्या. मीडियम वेव्ह रात्री बघा, दूरची स्टेशनं तेव्हाच येतात. त्याचा एरियल सेटच्या आतच, फेराइटच्या कांडीवर असतो, म्हणून सेट गोल फिरवून आवाज कुठे वाढतो ते ऐका. खरखर फार असेल तर सेटला दोष देण्याआधी घरातले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर बंद करून बघा.

बाहेरचं रूप आणि ठेवणं

सुटी केलेली प्लॅस्टिकची कवचं कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुता येतात. छापील अक्षरांवर अल्कोहोल लावू नका, ती निघून जातात; चंदेरी मुलाम्यावर तर काहीच घासू नका. ओरखडे राहू द्यावेत असं माझं मत आहे. स्प्रे पेंट मारलेला सेट पुढे कुणी विकत घेत नाही हे मात्र मत नव्हे, अनुभव आहे.

वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. प्ले दाबलेल्या स्थितीत लाइट बंद करून निघून जाऊ नका, रोलरला दांडीचा खड्डा पडतो. महिन्यातून एकदा तरी वाजवा, पावसाळ्यात जास्त वेळा.

आणि मागचं झाकण लावण्याआधी आत एक चिठ्ठी चिकटवा: बेल्टचं माप, रोलरचं माप, कुठला कंडेन्सर बदलला, वेगाचा आकडा काय ठेवला, महिना आणि वर्ष. नुसतं ‘दुरुस्त केला’ असं लिहू नका. तशा चिठ्ठ्या जुन्या सेटमध्ये खूप सापडतात आणि त्यांचा कुणालाही उपयोग होत नाही.